ठशाची चीर, नाण्यावरची रेघ

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथला बाजार हाली सिक्क्यात चाले. पश्चिमेला आष्टीची हद्द ओलांडली की इंग्रजी अंमलाचा अहमदनगर जिल्हा लागे. तिथे कलदार रुपया. यंत्रावर पाडलेल्या हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि त्यात चांदी सुमारे ८२ टक्के, कलदार ११.६६ ग्रॅमचा आणि चांदी जवळजवळ ९२ टक्के. या फरकामुळेच १०० कलदारांना ११६ हाली रुपये १० आणे ८ पै असा भाव ठरला होता. सराफ बट्टा घेई तो वजन, नाद आणि कस पाहून. छाप वाकडा पडला, एखादे अक्षर बुजले, तेवढ्याने रुपयाची चांदी कमी होत नसे. आज संग्राहक ज्याला दोषनाणे म्हणून जास्त पैसे मोजतो, ते त्या काळी इतर रुपयांबरोबर बिनबोभाट फिरत असे.

हाताने नाणे पाडण्याची रीत दख्खनभर साधारण सारखीच होती. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवायचा, त्यावर तोललेली चकती ठेवायची, वरचा ठसा हातात धरून त्यावर घणाचा घाव घालायचा. ठसा पोलादी, त्यावरची अक्षरे उलटी आणि खोल कोरलेली. कोरून झाल्यावर त्याला पाणी देत. ठशाचे आयुष्य बरेचसे या पाणी देण्यावर ठरे. पाणी जास्त कडक बसले तर पोलाद ठिसूळ होऊन तडकते, कमी पडले तर अक्षरांच्या कडा दबत जातात. वरचा ठसा प्रत्येक घाव थेट सोसतो, म्हणून तो आधी निकामी होतो आणि खालच्या जुन्या ठशाशी नव्या ठशाची जोडी लावावी लागते. एका बाजूला हिजरी वर्ष आणि दुसऱ्या बाजूला त्याच्याशी न जुळणारे राज्यवर्ष, असे मोगली घाटाचे रुपये मिळतात, त्याचे एक कारण हेच. कधी जुन्या ठशावरचा वर्षांक मोडून त्यावरच नवा कोरत. मग नव्या आकड्याखालून जुना डोकावतो.

ठशाला चीर पडली की घावाखाली पसरणारा धातू त्या चिरेत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. कडेचा तुकडाच उडाला, तर तिथे अक्षराऐवजी गुळगुळीत उंचवटा येतो. गंजाने पडलेले खड्डे नाण्यावर दाणे होऊन दिसतात. कोरीव भागात मळ किंवा तेलकट गाळ साचला, तर धातूला आत जायला वाट राहत नाही आणि अक्षर अर्धवट उमटते. चकती ठेवायची राहून गेली आणि घाव पडला, तर दोन्ही ठसे एकमेकांवर आदळतात. त्यानंतरच्या नाण्यांवर एका बाजूच्या मजकुराची पुसट उलटी सावली दुसऱ्या बाजूला येते. पाडलेले नाणे वरच्या ठशालाच चिकटून राहिले, तर गोष्ट आणखी वेगळी: पुढच्या चकतीवर ते नाणेच ठशाचे काम करते आणि एकच बाजू दोन्हीकडे उमटते, एकीकडे सुलटी व उंच, दुसरीकडे उलटी आणि खोलगट. यात ठसा बिघडलेला नसतो, त्यामुळे अडकलेले नाणे काढले की दोष संपतो. चिरेचे तसे नाही. ती ठसा टाकून देईपर्यंत प्रत्येक नाण्यावर येत राहते, आणि वाढत राहते.

हातघडणीच्या रुपयात ठसा चकतीहून मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर मावणे दुर्मीळच. अर्धा मजकूर बाहेर पडणे हा दोष नव्हे, ती त्या रीतीतली रोजची बाब होती. शिवराई या मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्यात तर ठसे कोरणारे हात इतके वेगवेगळे की ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ या अक्षरांची वळणेही एकसारखी राहिली नाहीत. उलटी अक्षरे असलेल्या शिवराया सापडतात, त्या घावाच्या चुकीने झालेल्या नाहीत. कारागिराने ठशावर अक्षर उलटे कोरायचे ते सुलटे कोरले; दोष घणाचा नाही, छिन्नीचा.

‘चुकीचे नाणे’ ही कल्पना पक्की झाली ती यंत्रामुळे. हैदराबादची टाकसाळ १९०३मध्ये सैफाबादला गेली आणि चारमिनारचे चित्र असलेले, गोल काठाचे रुपये पडू लागले. निजाम मीर महबूब अली खान यांच्या नाण्यांवर चारमिनारच्या कमानीत ‘मीम’ हे अक्षर होते. १९११मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आल्यावर तिथे ‘ऐन’ आले. सुरुवातीच्या नाण्यांवर हे ऐन अर्धे आहे, नंतरच्यांवर पूर्ण. अर्धे ऐन पाहून ठसा बिघडला असे समजणे चूक. तो मुद्दाम बदललेला ठसा आहे. यंत्राच्या पद्धतीत एका मूळ ठशावरून कामाचे अनेक ठसे निघतात. मूळ ठशातली चूक त्या सगळ्यांत उतरते, कामाच्या ठशाची चीर मात्र त्याच्यापुरतीच राहते.

नंतरच्या इजेपासून ठशाचा दोष वेगळा काढणे अवघड नाही. ठशाच्या चिरेची रेघ पृष्ठभागाच्या वर उठलेली असते. ओरखडा, नांगराचा घाव किंवा सराफाने कस पाहण्यासाठी मारलेली खूण आत गेलेली असते. १९५९मध्ये चलनातून कायमचे बाद होईपर्यंत हाली रुपये हातोहात झिजले, म्हणून भिंग घेऊन काठाजवळ आणि अक्षरांच्या फटीत पाहावे लागते. झीज तिथे सर्वांत उशिरा पोचते.

या दोषांचा खरा उपयोग इतिहासाला आहे, आणि तो शिवराईच्या बाबतीत सर्वांत मोठा, कारण तिच्यावर वर्षच नसते. एकाच ठशाच्या शिवराया शेजारी मांडल्या, तर एकीवर चीर केसाएवढी, दुसरीवर अक्षरापर्यंत आलेली, तिसरीवर काठ उडालेला दिसतो. त्यावरून कोणती आधी पडली हे कळते. वरचा ठसा बदलला आणि खालचा चिरलेला तोच राहिला, तर दोन वेगळे छाप एकाच टाकसाळीचे ठरतात. हे सारे जमते ते ठेवा एकत्र राहिला तरच. शेतात गाडगे निघाले की १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. नाणी आधीच वाटली किंवा विकली गेली, तर त्यांतली चांदी आणि तांबे शिल्लक राहते, त्यांचा क्रम मात्र पुन्हा लावता येत नाही.