कुबेर नव्हे, कर्णधार

'कुबरनेटीस' हे नाव प्रथमच वाचणाऱ्या मराठी माणसाला कुबेर आठवला तर नवल नाही. पण धनाच्या देवतेशी त्याचा काही संबंध नाही. अनेक संगणकांवर विखुरलेल्या आज्ञावल्यांची देखरेख करणारी ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये जाहीर केली. कोणी तिला 'कूबरनेटीझ' म्हणतात, कोणी 'क्यूबरनेटीस'. बरोबर कोणते?

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नावेचे सुकाणू धरणारा. आपला 'कर्णधार'ही मुळात तोच, कारण कर्ण म्हणजे सुकाणू. (क्रिकेटमुळे आपण हे विसरलो!) प्राचीन ग्रीक शब्दातला पहिला स्वर आपल्या वर्णमालेत नाही. ओठ 'ऊ'सारखे गोल करून 'ई' म्हणून पाहा, म्हणजे तो सापडेल. हा शब्द लॅटिनमध्ये गेला तेव्हा 'क'चा 'ग' झाला, आणि त्यातूनच पुढे इंग्रजीत 'गव्हर्नर' आला. १९४८ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी सजीव आणि यंत्रे यांतील नियंत्रणाच्या शास्त्राला 'सायबरनेटिक्स' म्हटले. तेथे इंग्रजी वाचनाच्या रीतीने 'क'चा 'स' झाला. आजचा ग्रीक माणूस तर 'किव्हेर्नीतिस' म्हणतो. तेव्हा 'शुद्ध' उच्चाराचा आग्रह धरायचा तरी कोणत्या काळातला?

उच्चार बदलले, कल्पना मात्र टिकली. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनावरचा गव्हर्नर आठवा. वेग वाढला की फिरणारे गोळे बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप मिटू लागते. वेग घटला की ती उघडते. अशा यंत्रात वेग केव्हा स्थिरावेल आणि हेलकावे केव्हा वाढत जातील, याचे गणित मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले. वीनर यांनी आपल्या शास्त्राचे नाव ठरवताना त्या निबंधाचे ऋण मुद्दाम मान्य केले. कुबरनेटीसचे कामही याच जातीचे आहे. एका आज्ञावलीच्या पाच प्रती चालू हव्यात असे सांगितले, की ती प्रणाली हव्या किती आणि आहेत किती हे सतत ताडून पाहते. एक बंद पडली तर दुसरी सुरू करते.

कंटाळलेल्या अभियंत्यांनी उच्चाराचा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. रोमन लिपीत पहिल्या 'के' आणि शेवटच्या 'एस'मध्ये आठ अक्षरे येतात, म्हणून ते 'के-एट-एस' असे लिहितात आणि पुष्कळदा 'केट्स' म्हणतात. देवनागरीत स्वर व्यंजनांच्या खांद्यावर बसतात. त्यामुळे आपल्या 'कु' आणि 'स'मध्ये चारच अक्षरे उरतात.