परवाना न मिळालेला वैमानिक

महायुद्धाचा इतिहास आपण बहुधा सेनापतींच्या नावांनी वाचतो. तोच मजुरांच्या नावांनी वाचला म्हणजे त्याचा निराळाच अर्थ लागतो, असे आम्हांस वाटते. ऑस्ट्रेलियन हवाई दलातील लेन वॉटर्स याची हकिकत श्रोत्यांपुढे मांडावयाची ती याच हेतूने.

लिओनार्ड व्हिक्टर वॉटर्स हा कामिलारोई जमातीचा आदिवासी. जन्म १९२४ साली, न्यू साउथ वेल्सच्या उत्तर सीमेवरील युराबा वसाहतीत; वाढला तो क्वीन्सलँडमधील निंडिगली येथे. शाळा लवकरच सुटली. बापाबरोबर रानात जाऊन झाडांच्या बुंध्याभोवतीची साल कापून ती वाळविणे, हे त्याचे पहिले काम. पुढे तो मेंढ्यांची लोकर कातरू लागला.

युद्धाच्या आरंभी सैन्याचे धोरण असे होते की, युरोपीय वंशाचे नसलेल्यांची भरती आवश्यकही नाही आणि इष्टही नाही. १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला, माणसांची निकड भासू लागली, आणि नियम सैल झाले. हवाई दल या बाबतीत मुळातच कमी कडक होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये वॉटर्स तेथे यंत्रकामगार म्हणून दाखल झाला. पुढे वैमानिकाच्या शिक्षणासाठी त्याने आपले नाव दिले. गणिताची उणीव रात्री जागून भरून काढली आणि १९४४ साली वैमानिकाचे पंख मिळविले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यू गिनीजवळच्या नोएम्फूर बेटावर ७८ व्या स्क्वॉड्रनमध्ये त्याची नेमणूक झाली. त्याला मिळालेल्या किटीहॉक विमानावर 'ब्लॅक मॅजिक', म्हणजे काळी जादू, हे नाव आधीच रंगविलेले होते! नोएम्फूर, मोरोताई व बोर्निओकडील ताराकान येथून त्याने ९५ उड्डाणे केली. काम मुख्यतः जमिनीवरील जपानी ठाण्यांवर मारा करण्याचे. एकदा ३७ मिलिमीटरचा तोफगोळा विमानात घुसला आणि त्याच्या पाठीमागे न फुटता रुतून बसला. तो केव्हाही फुटेल हे ठाऊक असता त्याने सुमारे दोन तास विमान चालवून सुखरूप उतरविले. हुद्द्याने वरिष्ठ असे वैमानिक हजर असतानाही काही मोहिमांचे नेतृत्व त्याच्याकडे असे. आकाशात हुद्दा नव्हे, हात पाहिला जाई.

१९४६ च्या जानेवारीत त्याला सैन्यातून निरोप मिळाला. दूरच्या गावांसाठी लहानशी विमानसेवा काढावी अशी त्याची उमेद होती. परवान्यासाठी त्याने सरकारकडे पुनःपुन्हा लिहिले. परवाना मिळाला नाही, भांडवलही मिळाले नाही. तो पुन्हा कातरी हाती घेऊन मेंढ्यांकडे वळला. त्यानंतर त्याने विमान म्हणून चालविले नाही.

फेडरल निवडणुकीत मत देण्याचा हक्क आदिवासी सैनिकांना १९४९ साली आणि सर्व आदिवासींना १९६२ साली मिळाला. क्वीन्सलँड राज्याच्या निवडणुकीत तो १९६५ साली मिळाला. वॉटर्स १९९३ साली वारला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमान चालविणारा तो एकमेव ज्ञात ऑस्ट्रेलियन आदिवासी. आज त्याच्या नावाची उद्याने आहेत, रस्ता आहे.

उद्याने असावीत; आमची तक्रार नाही. परंतु ज्या सरकारने लढाईत लाखमोलाचे यंत्र निःशंकपणे या मजुराच्या हाती दिले, त्यालाच शांततेच्या काळात एक कागद देववला नाही. कसब तेच होते, माणूसही तोच होता. संपली होती ती फक्त सरकारची गरज. म्हणून गरज असेतोवर मिळालेल्या मानाला कष्टकऱ्याने हक्क समजू नये. हक्क तो, जो गरज सरल्यावरही कोणास काढून घेता येत नाही. आणि तो संघटनेनेच मिळवावा लागतो.