विजय भटकर: सुपरकॉम्प्युटर बनवणारा माणूस शिक्षणात कसा आला?

खारघर स्टेशनसमोर सी-डॅकचं केंद्र आहे. इंजिनीअरिंग झालेली मुलं ‘सी-कॅट’ परीक्षा देऊन पीजी-डॅक कोर्ससाठी इथे येतात. पण सी-डॅक ही संस्था मुळात कोर्स चालवायला सुरू झालीच नव्हती. ती सुरू झाली सुपरकॉम्प्युटर बनवायला, आणि ते काम ज्यांनी पार पाडलं ते म्हणजे डॉ. विजय भटकर.

मशीन मिळेना, मग बनवलं

भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. जन्म 1946 चा, पीएचडी आयआयटी दिल्लीतून. 1980 च्या दशकात भारताला हवा तो ‘क्रे’ सुपरकॉम्प्युटर द्यायला अमेरिकेने नकार दिला. मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि सूत्रं भटकरांकडे आली. एकच अवाढव्य प्रोसेसर बनवण्याऐवजी त्यांच्या टीमने अनेक छोटे प्रोसेसर जोडले आणि काम त्यांच्यात वाटून दिलं. तुमच्या फोनमधला ‘ऑक्टा-कोर’ प्रोसेसरही कामं अशीच वाटून घेतो. 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला.

पण चालवणार कोण?

अशा मशीनसाठी प्रोग्राम लिहायची पद्धत वेगळी असते. कामाचे तुकडे कसे पाडायचे, हे शिकावं लागतं. 1993 मध्ये सी-डॅकने ‘ॲक्ट्स’ ही प्रशिक्षण शाखा काढली. पीजी-डॅक हा तिचाच कोर्स. खारघरचं केंद्र आधी एनसीएसटी या दुसऱ्या सरकारी संस्थेचं होतं; 2003 मध्ये ती सी-डॅकमध्ये विलीन झाली.

सी-डॅकनंतर काय केलं?

भटकरांनी घरोघरी शिक्षण पोचवण्यासाठी ‘ईटीएच’ कंपनी काढली, हिंजवडीत आयस्क्वेअरआयटी ही संस्था उभी केली. 2012 ते 2017 ते आयआयटी दिल्लीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष होते, तर 2017 मध्ये नालंदा विद्यापीठाचे कुलपती झाले. कॉलेजांना गावांशी जोडणाऱ्या ‘उन्नत भारत अभियाना’च्या राष्ट्रीय समितीचंही नेतृत्व त्यांनी केलं. त्यात विद्यार्थी गावात जाऊन पाणी, शेती, कचरा असे प्रश्न समजून घेतात.

एक गोष्ट लक्षात घ्या: कुलपती किंवा अध्यक्ष रोजचा कारभार पाहत नाहीत. वर्गात काय बदललं याचं श्रेय किंवा दोष एकट्या त्यांना देता येत नाही.

यातून आपण काय घ्यायचं?

‘परम 8000’ची ताकद आजच्या स्मार्टफोनपुढे फारच कमी. ते मशीन कधीच मागे पडलं. त्याच्यासोबत सुरू झालेलं शिकवणं मात्र थांबलेलं नाही. त्यामुळे शाळेत टॅब वाटले, स्मार्ट बोर्ड लावले अशी बातमी आली की एवढं जरूर विचारा: हे वापरून शिकवायला शिक्षकांना कोणी शिकवलंय का?