अर्ध्या इतिहासाचं विष

सप्टेंबर आला की आमच्या उमरग्यात मोबाइलवर दोन तऱ्हेच्या क्लिप फिरू लागतात. १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. एका क्लिपमध्ये रझाकारांचे अत्याचार, दुसरीत पोलीस ॲक्शननंतरच्या मुसलमानांच्या कत्तली. दोन्ही गोष्टी खरोखर घडल्या आहेत. तरी दोन्ही क्लिप दिशाभूल करतात, कारण प्रत्येकीने उरलेला अर्धा इतिहास कापलेला असतो.

कासीम रझवी लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. त्याच्या भडक भाषणांना भुलून तरुण रझाकार झाले, त्यांनी गावं लुटली, जाळली. या दहशतीविरुद्ध लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत त्याचा खून केला. पुढच्याच महिन्यात, १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरहून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरली आणि उमरग्यावरून पुढे गेली. पाच दिवसांत निजाम शरण आला. रझवी तुरुंगवास भोगून १९५७ मध्ये पाकिस्तानात गेला. त्याच्या भाषणांची किंमत मात्र हातात कधी काठीही न धरलेल्या गोरगरिबांनी मोजली. सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्याच अहवालात आहे. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला.

रझवीला सभा भरवावी लागे. आज सभेची गरज नाही. ज्या व्हिडिओवर पोरगा थांबतो, तसलेच आणखी व्हिडिओ फोन त्याच्यापुढे ठेवतो. महिनाभरात त्याला वाटू लागतं, सगळं जग आपल्या जिवावर उठलंय. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंसोबत इराकला गेले आणि आयसिसकडे वळले. इंटरनेटवरच्या प्रचाराने ते ओढले गेले, असं तपासात पुढे आलं. त्यानंतर काहीच दिवसांनी, २ जूनला, पुण्याच्या हडपसरमध्ये फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांवरून तणाव पेटलेला असताना जमावाने सोलापूरच्या एका मुस्लिम संगणक अभियंत्याला ठार मारलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. धर्म वेगळे, पण विष भिनण्याची रीत एकच: आपल्या जखमा तेवढ्या मोजायच्या, समोरच्याच्या पुसून टाकायच्या.

आपल्या बुजुर्गांनी १९४८ चं दुःख गिळलं, घरात त्याचा विषय काढला नाही. भीतीपोटी असेल, शेजार टिकावा म्हणूनही असेल. ती रिकामी जागा आता मोबाइल भरतोय. म्हणून हा इतिहास घरात, मोठ्याने आणि पूर्ण सांगायला हवा. रझाकारांचा गुन्हा सांगा, आपली कत्तल सांगा, वाचवणारा शेजारीही सांगा. पोरगा क्लिप घेऊन आला तर रागावू नका. एवढंच विचारा, "यात शोएबुल्ला खान कुठे आहे?"