शुद्धिहरण-सेवेचे शुल्क

शस्त्रक्रियेसाठी रुग्णास भूल देणे आणि तो शुद्धीवर येईपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवणे, या सेवेचा मोबदला. जालना जिल्ह्याचा (स्थापना १ मे १९८१) प्रदेश पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. भूल देणाऱ्याने नाडीऐवजी केवळ श्वसनाकडे पाहावे, असा तेथील शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असे. निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये झालेल्या दोन क्लोरोफॉर्म आयोगांनी त्यास दुजोरा दिला; परंतु अपुऱ्या क्लोरोफॉर्मनेही हृदय एकाएकी थांबू शकते, हे ए. जी. लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखविले. भूल देणे हे जाता-जाता उरकण्याचे काम नव्हे, हे त्यातून उघड झाले.

मग एकाच वेळी अनेक शस्त्रक्रियांवर देखरेख करणाऱ्या डॉक्टरास किती शुल्क द्यावे? अमेरिकेत मेडिकेअर योजनेने १९८२ च्या कायद्यानंतर चार शस्त्रक्रियांची मर्यादा घातली. भूलपूर्व तपासणी, भूल देताना व उतरताना सहभाग इ. अटी पाळल्यास शुल्क डॉक्टर व भूल देणारी परिचारिका यांत निम्मे-निम्मे विभागले जाते. चारांहून अधिक शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरास प्रत्येकी सामान्यतः तीनच मूलभूत एकके मिळतात.

भारतात अशा परिचारिकांचा मान्यताप्राप्त वर्ग नाही. जालन्यासह राज्यभर नोव्हेंबर २०१३ पासून विस्तारलेल्या जीवनदायी योजनेत (नंतरची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना) भूलतज्ञाचे मानधन शस्त्रक्रियेच्या एकत्रित दरातच धरलेले असते. हिशेब सोपा होतो खरा. पण भूलतज्ञ एका रुग्णापाशी होता की अनेकांपाशी, हे त्या दरावरून कळत नाही.