गतीचे दोन हिशेब

संवेग आणि गतिज ऊर्जा ही दोन सूत्रे नववीचा विद्यार्थी एकाच सत्रात शिकतो. या दोहोंतील भेद उलगडण्यासाठी युरोपातील विद्वानांना मात्र अर्धशतकाहून अधिक काळ वाद घालावा लागला.

१६४४ मध्ये देकार्त यांनी वस्तूचे आकारमान आणि वेग यांचा गुणाकार हेच गतीचे माप मानले. १६८६ मध्ये लायब्निझ यांनी त्यावर आक्षेप घेतला. एक शेर वजन चार हात उचलण्यास जेवढे श्रम पडतात, तेवढेच चार शेर वजन एक हात उचलण्यास पडतात. ही वजने खाली सोडली, तर पहिल्याचा अंतिम वेग दुसऱ्याच्या दुप्पट भरतो. देकार्त यांच्या हिशेबाने उत्तरे येतात दोन आणि चार. वेगाचा वर्ग घेतला, की दोन्हीकडे चारच येतात.

पुढे हॉलंडमधील प्राध्यापक स-ग्रावेसांदे यांनी पितळी गोळे मऊ चिकणमातीत टाकून पाहिले. खळग्यांनी कौल वर्गाच्या बाजूने दिला. ते न्यूटनचे अनुयायी, म्हणजे विरुद्ध पक्षातले. तरीही १७२२ मध्ये त्यांनी आपले मत बदलले. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या विदुषीने १७४० च्या आपल्या ग्रंथात हाच पक्ष मांडला. स्त्रियांना पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सभासदत्व नव्हते. तरी अकादमीचे सचिव मेराँ यांनी १७४१ मध्ये टीका करताच त्यांनी त्याच वर्षी छापील उत्तर दिले. सूत्रातील ‘अर्धा’ हा गुणक कोरिओलिस यांनी १८२९ मध्ये रूढ केला.

अखेर दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे ठरले. बल किती वेळ लावले, याचा हिशेब संवेग ठेवतो. बल किती अंतरापर्यंत लावले, याचा हिशेब ऊर्जा ठेवते. तेलीबांध्याच्या तलावाजवळील वाहत्या रस्त्यावर हे दोन्ही हिशेब रोज मांडले जातात. ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने दुचाकी हाकली, तर तेवढ्याच जोराचा ब्रेक लावूनही थांबण्यास वेळ दुप्पट लागतो आणि अंतर चौपट. समोरून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते ते अंतर.

परीक्षेनंतर सूत्र विसरले तरी चालेल. वेगाचा वर्ग होतो, एवढे मात्र गाडीची किल्ली हाती घेणाऱ्या प्रत्येकाच्या स्मरणात राहावे.