नाइस (इंग्रजी विशेषण)

नाइस हे इंग्रजी भाषेतील एक विशेषण आहे. आज ते छान, सुखद किंवा सुस्वभावी या अर्थांनी वापरले जाते, मात्र इ.स. १३०० च्या सुमारास ते इंग्रजीत आले, तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' असा होता. फ्रान्समधील नीस या शहराचे नाव रोमन लिपीत याच अक्षरांनी लिहिले जात असले, तरी त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

व्युत्पत्ती

मूळ लॅटिन शब्द 'नेस्कियुस', म्हणजे अजाण. त्यातील 'ने' नकारवाचक असून पुढील भाग 'जाणणे' या अर्थाच्या 'स्किरे' या क्रियापदाचा आहे. 'सायन्स' हा शब्दही त्याच कुळातला. जुन्या फ्रेंचमध्ये शब्दाचे रूप बदलले, पण 'भोळसट, मूर्ख' हा अर्थ टिकला आणि तोच इंग्रजीत गेला. स्पॅनिशमधील 'नेसिओ' आजही मूर्ख याच अर्थाचा आहे.

अर्थांतर

पुढील काही शतकांत या शब्दाला छचोर, लाजाळू, चोखंदळ, नाजूक, क्षुल्लक, सूक्ष्म असे अनेक अर्थ चिकटत गेले. जुने अर्थ लगेच मावळले नाहीत. त्यामुळे सोळाव्या व सतराव्या शतकांतील लेखनात नेमका कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे ठरवणे कोशकारांनाही अनेकदा अवघड जाते. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रोमिओपर्यंत न पोहोचलेल्या पत्राविषयी फ्रायर लॉरेन्स हा शब्द 'क्षुल्लक' या अर्थाने योजतो. ते पत्र क्षुल्लक नव्हते, असे त्याचे म्हणणे. तेथे आजचा अर्थ लावल्यास पत्रातील मजकूर बरा नव्हता, असा भलताच बोध होतो आणि प्रसंगाचे गांभीर्य निसटते.

'सुखद' हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला आणि लवकरच तो इतका सैल झाला, की त्याची थट्टा होऊ लागली. जेन ऑस्टेन यांच्या 'नॉर्थँगर ॲबी' (१८१७) या कादंबरीत एका पुस्तकाला हे विशेषण लावल्याबद्दल हेन्री टिल्नी कॅथरीन मोरलंडला चिडवतो. नीटनेटकेपणा व अभिरुची दाखवणे हे या शब्दाचे मूळ काम असावे, असे तो सुचवतो. प्रत्यक्षात तोही मूळ अर्थ नव्हे. शुद्धतेच्या आग्रहात अशी फसगत होतेच.

'सूक्ष्म' हा अर्थ अद्याप जिवंत आहे. 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान भेद नव्हे, तर बारीक भेद. अनुवाद करताना येथे चूक होण्याचा संभव असतो.

समांतर उदाहरण

'मूढ' आणि 'मुग्ध' हे दोन्ही शब्द संस्कृत 'मुह्' या धातूपासून आले. 'मुग्ध' म्हणजे आधी भांबावलेला, अजाण. पुढे तो निरागस व मोहक या अर्थांकडे गेला. 'मूढ' मात्र होता तेथेच राहिला.